सहाच्या आकड्यावरची खूण

कोल, आधी गाडीतली ती धडधड बंद कर आणि मग अंगणात ये. गाणं कुठलं लागलंय ते इथवर कळत नाही, पण माझ्या कपातली कॉफी मात्र हलतेय. बस मरिसाशेजारी. गोड पाव घे, तुझ्या आजीने सकाळीच भाजलाय.

काय म्हणालास? वावोला, म्हणजे या आजोबाला, गाण्यातला बेस कळत नाही? बरं. तुझा बाप जन्मला नव्हता तेव्हा मी या गावात तो आवाज पाहिलाय. पाहिलाय म्हणतो, कारण ऐकू येण्याआधी तो दिसायचा. छताचा गिलावा पडायचा. तुझ्या डिकीतल्या पेट्या त्याच्या पणतू शोभतील. आणि तो आवाज माझ्या थोरल्या बहिणीला, इनेशला, कळायचा. तीन वर्षांची असताना तापात दोन्ही कान गेलेल्या इनेशला.

दिवा नको लावूस मरिसा, असू दे अंधार. सांगतो. यातलं बरंचसं मला एल्डनने स्वतः सांगितलंय आणि शेवटचं मी या डोळ्यांनी पाहिलंय. तुम्हाला हसायचं असेल तर सगळं ऐकून झाल्यावर हसा.

एल्डन लिंडक्विस्ट म्हणजे इनेशचा नवरा. मागच्या वर्षी ऑक्टोबरच्या बारा तारखेला, गुरुवारी, तो एका साध्या कामाला घरातून निघाला. गावातलं जुनं ओरिओल थिएटर विकलं गेलं होतं. नवा मालक तिथे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान काढणार होता. त्याने एल्डनला फोन केला, "लिंडक्विस्टसाहेब, पडद्यामागे एक अवाढव्य लाकडी भोंगा आहे. अख्खा निघेल की कापावा लागेल, तेवढं बघून सांगा. तुम्हीच बसवलाय म्हणे. मागच्या दाराची किल्ली विटेखाली ठेवतो." एल्डन म्हणाला, बघतो. सकाळी कामाची माणसं असतात आणि त्यांच्यासमोर त्याला तो भोंगा बघायचा नव्हता, म्हणून संध्याकाळ निवडली. बॅटरी घेतली, मोजायचा टेप घेतला, काळी कॉफी प्याला आणि आठ वाजता निघाला.

आता हा भोंगा काय, ते सांगायला हवं.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली भूकंपाचा एक सिनेमा आला. सिनेमाबरोबर लॉस एंजेलिसहून ट्रक आला आणि ट्रकमधून माणसाच्या उंचीच्या काळ्या स्पीकरच्या पेट्या उतरल्या. त्या ठेवायला पुढच्या तीन रांगांच्या खुर्च्या उखडल्या. छताखाली जाळी बांधली, कारण दुसऱ्या एका गावात प्रेक्षकांच्या डोक्यावर गिलावा पडला होता म्हणे. एल्डन तेव्हा चोवीस वर्षांचा, ओरिओलमध्ये वरच्या खोलीत सिनेमाचं मशीन चालवायचा. गावातल्या सुताराला हाताशी धरून त्याने पेट्यांच्या तोंडाला जोडायला प्लायवूडचा भोंगा बनवला. पेट्यांबरोबर आलेला माणूस सगळ्यांना सांगत फिरत होता, "हा आवाज ऐकायचा नसतो. हा अंगाला कळतो." फिल्मच्या कडेला एक खुणेचा सूर होता. तो आला की पेट्या आपोआप जाग्या व्हायच्या आणि घुमायला लागायच्या. शेजारच्या औषधाच्या दुकानात बाटल्या फळीच्या कडेशी सरकत यायच्या. दुकानदारीण रोज भांडायला यायची आणि रोज सिनेमा बघून जायची.

मी पंधरा वर्षांचा होतो. इनेशला मी घेऊन गेलो, तेही आईने दटावल्यावर. मला लाज वाटायची. बहिरी बहीण सिनेमाला काय करणार, मित्र चिडवतील, असले विचार. आम्ही चौथ्या रांगेत बसलो, म्हणजे तेव्हाच्या पहिल्याच. पडद्यावर पूल हलला, पेट्या घुमल्या आणि इनेशने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. मी वळून बघितलं तर ती रडत होती. गोठ्यात धार काढताना ती गाईच्या पोटाला कपाळ लावून बसायची. आत काहीतरी वाजतं, असं हातांनी सांगायची. त्यापलीकडे आवाज म्हणून तिच्या वाट्याला काही आलं नव्हतं.

ती सात वेळा गेली. सातव्या वेळी पॉपकॉर्नच्या रिकाम्या पिशवीवर लिहून ती पिशवी तिने एल्डनच्या हातात दिली. "हे जमिनीत आहे की माझ्यात?" एल्डनने खाली लिहिलं, "दोन्हीकडे." पुढे दोन वर्षांनी लग्न झालं. आमच्या बापाने बरीच कुरकुर केली, जावई आपल्यातला नाही, स्वीडिश, त्यातून सिनेमावाला. पण एल्डन हातांची भाषा शिकून आला होता. बापाला ती वीस वर्षांत जमली नव्हती.

रविवारी सकाळी थिएटर रिकामं असायचं. एल्डन पेट्या चालू करून तपासायचा. इनेश चौथ्या रांगेत बसायची, दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर, डोळे मिटलेले. एल्डन बटण हळूहळू फिरवायचा. हवा तेवढा आवाज झाला की ती हात वर करायची. मग धावत वर जाऊन बटणाच्या कडेला त्या आकड्यावर स्वतः खूण करायची. एल्डनने केलेली खूण तिला कमी वाटायची. फिल्मच्या रिळांवर खुणा करायला वापरतात ती लाल मेणाची पेन्सिल तिच्याकडे असायची. इनेश डावखुरी, त्यामुळे तिच्या खुणेला उलट्या बाजूला एक छोटी शेपटी असायची. आमच्या घरी कॅलेंडरवर, पिठाच्या डब्यावर, मोजपट्टीवर सगळीकडे त्या शेपटीवाल्या खुणा असायच्या. ती खूण जगात दुसऱ्या कुणाला जमली नसती.

मग चार-पाच वर्षांत ते खूळ संपलं. पेट्या भाड्याच्या होत्या, ट्रक आला आणि घेऊन गेला. भोंगा तेवढा राहिला, कारण तो इथलाच होता. सिनेमात नवे आवाज आले, जास्त शहाणे, जास्त स्वच्छ. इनेश म्हणायची, हे कानवाल्यांचे आवाज. तिने एल्डनला विचारलं, "घरी एक पेटी करशील? छोटी?" एल्डन म्हणाला, "पुढच्या हिवाळ्यात." पोरांनो, असे चाळीसच्या वर हिवाळे गेले. वाईट माणूस नव्हता तो. आधी थिएटर, मग टीव्ही दुरुस्ती, मग गुडघे. तीही दर वर्षी एकदा आठवण करून द्यायची आणि हसून सोडून द्यायची.

आणखी एक सांगायचं राहिलं. बहिऱ्या माणसाला हाक कशी मारतात? जमिनीवर पाय आपटून. लाकडी जमीन असली की पायाला कळतं. आमच्या घरात तसंच होतं, त्यांच्याही घरात. दोनदा पाय आपटला की इकडे ये. धप, धप. ती वरून आपटायची, एल्डन खालून जिना चढायचा. सेहेचाळीस वर्षं तो जिना चढत होता.

थिएटरची गोष्ट झाली त्याच्या आदल्या वर्षीचा सप्टेंबर. बदामाचा हंगाम, हवेत सगळी धूळ. एल्डनने अखेर पेटी करायला घेतली होती. गॅरेजमध्ये, चोरून. इनेशला सांगितलं, शेतकऱ्याचा पंप दुरुस्त करतोय. शेवटच्या गुरुवारी पेटी पुरी झाली. इनेश दमले म्हणून साडेआठलाच झोपायला गेली होती. त्यांची झोपायची खोली गॅरेजच्या बरोबर वर. एल्डनने ठरवलं, आधी एकदा चालवून बघू, मग तिला उठवून खाली आणू आणि पेटीवर तिचे हात ठेवू.

बटण सहावर नेलं. पेटी घुमायला लागली. स्क्रूच्या डब्यातले स्क्रू नाचायला लागले. एल्डन एकटाच हसत उभा होता. तेवढ्यात त्याला मध्येच वेगळा आवाज आला. धप, धप. थोडं थांबून पुन्हा. धप, धप.

पन्नास वर्षं पेट्यांत काढलेला माणूस. त्याला वाटलं, मागची फळी सैल आहे.

त्याने स्क्रू-ड्रायव्हर घेतला. मागच्या फळीला सोळा स्क्रू होते. एकेक करून सगळे आवळले. बाराव्या-तेराव्या स्क्रूला धपधप बंद झाली. त्याला वाटलं, बसली फळी. उरलेलेही आवळले, हात पुसले आणि तिला आणायला वर गेला.

ती पलंगाच्या कडेशी होती. एका पायात सपात, दुसरा पाय उघडा. टाच लाल झालेली. हृदय बंद पडलं होतं.

मी त्याचा मेहुणा. मी त्याला धीर द्यायला हवा होता. त्याने मला सगळं खरं सांगितलं, सोळा स्क्रूंसकट. आणि मी दफनाच्या दिवशी, शवपेटी खाली जाताना, त्याला म्हणालो, "बहिरी ती होती की तू?" चार माणसांनी ऐकलं. शवपेटी बंद करण्याआधी मी इनेशच्या झग्याच्या खिशात ती लाल पेन्सिल ठेवली होती, नखाएवढी उरलेली. मी स्वतः ठेवली. हे लक्षात ठेवा. त्यानंतर वर्षभर मी त्याच्या दारात गेलो नाही.

तर बारा ऑक्टोबर.

एल्डन मागच्या दाराने आत गेला. वीज तोडलेली होती. बॅटरीच्या उजेडात त्याने भोंगा मोजला. अकरा फूट रुंद. अख्खा निघणार नव्हता. तेवढंच काम होतं, झालं. पण त्याचे पाय निघेनात. तो खाली उतरला आणि चौथ्या रांगेत, इनेशच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीवर बसला. तिची खुर्ची मिटलेली होती. त्या स्प्रिंगच्या खुर्च्या, आपण उठलो की आपोआप मिटणाऱ्या. बॅटरी जपायला त्याने विझवली.

थोड्या वेळाने छातीत काहीतरी जाणवलं.

आवाज नव्हता. नुसती जाणीव. बरगड्यांच्या आत. त्याला वाटलं, मालगाडी. त्याने बॅटरी लावून घड्याळ बघितलं. आठ वाजून बावन्न मिनिटं. मालगाडी पावणेआठला गेली होती. तो घरी होता तेव्हाच.

त्याने बॅटरी विझवली.

ते वाढत होतं. खुर्चीचे हात थरथरायला लागले. वरून काहीतरी बारीक त्याच्या मनगटावर पडलं. गिलाव्याची पूड. त्याला ती थरथर ओळखीची होती... चांगलीच ओळखीची. पण पेट्या नव्हत्या. वीज नव्हती. भोंग्यामागे नुसती भिंत होती.

मग मागे, दरवाज्यापाशी... धप, धप.

तो वळला नाही. मला म्हणाला, "जोकिम, मान वळेना."

पुन्हा. जरा जवळ. लाकडी जमिनीवर. अनवाणी टाच.

धप, धप.

मग काही नाही... बराच वेळ काही नाही.

धप, धप. त्याच्याच रांगेत.

आता उठून पळावं, असं त्याला वाटलं. आणि मग मनात आलं, मागच्या वेळी मी फळी आवळत बसलो होतो. तो पळाला नाही. त्याने उजवा पाय उचलला. गुडघा दुखत होता. पाय आपटला. एकदा. दोनदा.

सगळं थांबलं. छातीतलंही.

शेजारची खुर्ची हळूहळू खाली आली. स्प्रिंग कुरकुरली. कुणी बसल्यावर येते तशी, पुरी खाली. आणि तशीच राहिली.

त्याने बघितलं नाही. बॅटरी मांडीवर होती, लावली नाही. दोघांच्या मधल्या लाकडी हातावर तळवा ठेवला. लाकूड गार होतं. मग... गार राहिलं नाही.

आणि पुन्हा घुमायला लागलं. हळू. अगदी हळू. ती हात वर करायची तेवढं.

किती वेळ, ते त्याला सांगता आलं नाही.

खुर्ची फट्कन मिटली. तो एकटा होता. तोंडात पूड गेलेली, गाल ओले.

माझा फोन वाजला तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. वर्षभरानंतर एल्डनचा फोन. म्हणाला, "जोकिम, गॅरेजमध्ये ये." एवढंच. मी चपला घालून तसाच गेलो. वाटेत नाही नाही ते विचार आले, खरं सांगतो. मला वाटलं, हा काहीतरी करून बसलाय.

तो गॅरेजमध्ये स्टुलावर बसला होता, केसांत पांढरी पूड. समोर पेटी. इनेश गेल्यापासून त्याने ती चादर टाकून ठेवली होती, एकदाही उघडली नव्हती. आता चादर खाली पडलेली. आधी त्याने थिएटरमधलं सगळं सांगितलं, हे आता तुम्हाला सांगितलं तसं. मी ऐकून घेतलं. म्हातारा एकटा राहून खुळावलाय, असं मनात म्हणालो. मग तो म्हणाला, "बटण बघ."

मी वाकलो. बटणाच्या कडेला, सहाच्या आकड्यावर, एक लाल खूण होती. मेणाची. उलट्या बाजूला छोटी शेपटी.

तरी माझ्या तोंडाची सवय जात नाही. "तूच केली असशील. रडता रडता. आठवत नसेल."

"कशाने करू?"

"पेन्सिल बाजारात मिळते, एल्डन."

"मिळते," तो म्हणाला. "डाव्या हाताने करून दाखव ती शेपटी. मी तासभर प्रयत्न केलाय." त्याच्यासमोर पुठ्ठा होता. त्यावर बॉलपेनाने पन्नासेक शेपट्या काढलेल्या. एकही तशी नव्हती.

मी विचारलं, "त्या रात्री कितीवर होतं?"

"सहावर."

"कुणाला सांगितलं होतंस?"

त्याने मान हलवली. मलाही नव्हतं सांगितलं. स्क्रू सांगितले, बाकी सगळं सांगितलं, आकडा कधी सांगितला नव्हता. कुणी विचारलाच नव्हता.

मग तो म्हणाला, "तिला कळत होतं, जोकिम. वर पलंगावर, पायाला कळत होतं. तिने मला हाक मारली... आणि मग तिला कळलं खाली काय चाललंय." "मी रोज हाच विचार करायचो की तिला वाटलं असेल, हा येत का नाही. आणि ती... ती पेटी ऐकत होती."

यात समाधान आहे की आणखी दुःख, ते मला आजही ठरवता येत नाही. त्यालाही ठरवता आलं नसावं. मी म्हणालो, "एल्डन, ते मी दफनाच्या दिवशी..." त्याने हात हलवला, राहू दे म्हणून. मग आम्ही दोघे म्हातारे पेटीवर तळवे ठेवून बसलो. पेटीची तार भिंतीला लावलेली नव्हती. काही घुमलं नाही. मला तर काहीच कळलं नाही, पण तो उजाडेपर्यंत हात काढायला तयार नव्हता.

एल्डन फेब्रुवारीत गेला, झोपेत. त्यांना मूल नव्हतं, म्हणून पेटी माझ्याकडे आली.

हो मरिसा, इथेच आहे. गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांमागे, त्याच चादरीखाली. कोल, तू आत्ता गाडी जिथे लावलीस ना, त्याच्या बरोबर समोर. नाही, मी अजून ती चालू केलेली नाही. करणारही नाही. जा, बघून या दोघं, दिवा डाव्या हाताला आहे.

खूण मी फडक्याने पुसून पाहिली आहे, तीन वेळा. बोटाला लाल लागतं. खूण कमी होत नाही.